सांगलीत लेखनकट्टा सुरू करतोय: बैठक, नोंदणी, संग्रह यांबद्दल सल्ला हवा

सांजवारा (धागाकर्ती)

विश्रामबागेत बारा जणांचा लेखनकट्टा सुरू करतोय. कथा लिहिणारे पाच, कविता-गझलवाले चार, ललित लिहिणारे दोन आणि एकांकिका लिहिणारा एक. महिन्यातून एक बैठक. एका क्लासची खोली रविवारी मोकळी असते, ती मिळालीय. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ यातलं काही नकोय. लिहिलेलं सुधारावं एवढाच हेतू आहे. एका बैठकीत किती लेखन घ्यावं? चर्चा कशी चालवावी? नोंदणी करावी लागते का? वर्षाअखेरीस ६४ पानांचा संग्रह काढायचा विचार आहे, त्याचं गणित कसं बसतं? जाणकारांनी तपशिलात लिहा. नुसत्या शुभेच्छा नकोत :)

हरिपुरी

आधी घड्याळ बघा. मराठी गद्य मोठ्यानं, नीट थांबे घेऊन वाचलं की मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे १२०० शब्दांच्या कथेला १० ते १२ मिनिटं. त्यावर चर्चा २३-२५ मिनिटं. एका लेखनाला ३५ मिनिटं धरा, तीन लेखनांना पावणेदोन तास, वर चहाला १५ मिनिटं. दोन तास झाले. चौथं लेखन घुसडलंत की तिसऱ्यापासूनच लोक घड्याळाकडं बघायला लागतात आणि चौथ्याच्या वाट्याला "छान जमलंय" एवढंच येतं. कविता असेल तर दोन कवितांचं मिळून एक लेखन धरा. लांब कथा असेल तर तिचे १२०० शब्दच घ्या, आधीचा भाग चार ओळींत सांगा.

लेखन बैठकीआधीच्या बुधवारपर्यंत सगळ्यांकडं गेलं पाहिजे. बैठकीत पहिल्यांदा ऐकून दिलेला अभिप्राय हा वाचणाऱ्याच्या आवाजावर असतो, लेखनावर नसतो. बुधवार चुकला तर त्या महिन्याची पाळी गेली. पहिल्याच महिन्यात एकाला सूट दिलीत की तो नियम मेलाच म्हणून समजा.

कागदाचा हिशोब: ए-फोर, १२ पॉइंट, दीड ओळीचं अंतर. पानावर साधारण ३०० शब्द बसतात. १२०० शब्दांची ४ पानं. तीन लेखनं, बारा माणसं: १४४ पानं, पाठपोट काढली तर ७२ कागद. पानाला २ रुपये धरले तर २८८ रुपये. माणशी महिना ५० रुपये काढले तर ६०० जमतात, त्यात झेरॉक्स आणि चहा दोन्ही निघतं.

आणि ओळींना आकडे घाला. वर्डमध्ये लेआउटखाली लाइन नंबर्स आहे, लिब्रेऑफिसमध्ये टूल्सखाली. "तिसऱ्या पानावर वरून कुठंतरी ते आजीचं वाक्य आहे बघा" यात प्रत्येक वेळी अर्धं मिनिट जातं. "ओळ ४७" म्हटलं की बारा बोटं एकाच जागी.

माणदेशी_बोर

हरिपुरींचं गणित बरोबर आहे, पण कट्टे वेळेअभावी मरत नाहीत, "वा, क्या बात है"नं मरतात. पहिल्या तीन बैठकांत सगळे एकमेकांना वाहवा देतात, चौथ्या बैठकीत कुणीतरी खरं बोलतं, लेखक दुखावतो, पाचव्या बैठकीला सातच डोकी. म्हणून पहिल्या दिवसापासून अभिप्रायाचा क्रम ठरवून टाका:

पहिल्यांदा दोघांनी फक्त "या लेखनात काय घडतं" ते तीन-चार वाक्यांत सांगायचं. आवडलं-नावडलं नाही. लेखकाला इथंच निम्मं कळतं, कारण त्याला वाटत असतं गोष्ट भावाच्या वाटणीची आहे आणि वाचणारा सांगतो विहिरीची आहे.

मग प्रत्येकानं, कुठं अडखळलो ते ओळीच्या आकड्यासह. कारण सांगता आलं तर सांगा, नाही आलं तरी चालेल.

मग प्रश्न. आणि शेवटची पाच मिनिटं लेखकाची. तोपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं.

"मी असतो तर असं लिहिलं असतं" हे वाक्य बंद. दुसऱ्याची कथा आपल्या पद्धतीनं लिहून देणं म्हणजे अभिप्राय नव्हे.

सूत्रधार दरमहा बदला. त्याचं स्वतःचं लेखन त्या महिन्यात नको. हातात मोबाइलचा टायमर, माणशी जास्तीत जास्त अडीच मिनिटं. प्रत्येक कट्ट्यावर एक तरी सर असतातच, जे कथेवरून सुरू करून नवकथेच्या इतिहासावर जातात आणि वीस मिनिटं परत येत नाहीत. टायमर वाजला की सरांनाही थांबता येतं, कारण थांबवणारं यंत्र असतं, माणूस नसतो.

सांजवारा

लेखक गप्प बसणार, मग वाचायचं कुणी?

हरिपुरी

दुसऱ्यानं. गद्य तरी लेखकानं स्वतः वाचूच नये. लेखक वाचताना कागदावर नसलेले स्वल्पविराम आवाजात घालतो आणि लंगडं वाक्य तरून जातं. परका वाचणारा जिथं अडखळून मागं येतो आणि पुन्हा वाक्य सुरू करतो, तिथं पेन्सिलीनं खूण करा. दहापैकी आठ वेळा ते वाक्यच दुरुस्तीला आलेलं असतं.

पलूस_फाटा

एकांकिकेला हे चालत नाही हं. तिथं पात्रं वाटून द्या आणि रंगसूचना वाचायला एक वेगळा माणूस ठेवा. रंगसूचना वाचताना लोक चुळबुळ करायला लागले तर त्या जास्त झाल्या. पानाला साधारण एक मिनिट धरा, तेही संवादात मोकळी जागा असेल तर. आणि पुढं प्रयोग करायचा झाला तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. तारीख ठरवून मग अर्ज करू नका. सांगलीत ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाच्या आसपास, नाटकवाली माणसं कट्ट्याला मिळायची नाहीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' याच गावात केलं, त्या आठवड्यात सगळे तिकडंच. तो रविवार सोडून द्या.

लगावली

गझलवाल्यांसाठी वेगळा अर्धा तास ठेवू नका, पण एक तयारी सक्तीची करा: कवीनं प्रत्येक ओळीखाली लगक्रम (ल म्हणजे लघू, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा) लिहून आणायचा. नाहीतर वृत्त चुकलंय की नाही यावरच बैठक संपते.

नमुन्याला ही ओळ घ्या:

नदीला कुणी बांध घालून गेले

न-दी-ला | कु-णी-बां | ध-घा-लू | न-गे-ले. चारही गट लगागा. भुजंगप्रयात वृत्त, १२ अक्षरं, २० मात्रा. आता खालची ओळ:

किती पाखरे घाट सोडून गेली

कि-ती-पा | ख-रे-घा | ट-सो-डू | न-गे-ली. बसली. इथं कुणी "पाखरे" नको, "पक्षी" म्हण असं सुचवलं तर? "किती पक्षी घाट". "क्षी" हे जोडाक्षर पुढं आलं म्हणून "प" गुरू होतो: कि-ती-प लगागा झालं, पण पुढं "क्षी" गुरू येतो, जिथं लघू हवा. एक अक्षर गेलं, एक मात्रा गेली, ओळ १९ वर आली. ऐकताना घसरल्यासारखं वाटतं, पण का घसरलं ते कागदावर लगक्रम असल्याशिवाय सांगता येत नाही.

नेहमीच्या चुका दोन. मात्रा जुळवायला ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व करून लिहिणं, "मनि", "जरि" असलं वाट्टेल तसं. आणि काफिया (यमक) न सांभाळता नुसता रदीफ (यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द) ओढत नेणं. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, दोन्ही ओळींत काफिया दाखवला की पुढं अलामत, म्हणजे काफियाच्या आधीचा स्वर, शेवटपर्यंत सांभाळावाच लागतो. मुक्तछंदवाल्यांनी यातून सुटलो म्हणून हसू नये. त्यांना विचारा: ही ओळ इथंच का तोडली? उत्तर नसेल तर ते तुकडे केलेलं गद्य आहे.

हळदगल्ली

कथेवरच्या अभिप्रायाचं उदाहरण देतो, कारण "वर्णन जिवंत नाही" एवढं म्हणून लेखकाला काही मिळत नाही. समजा ओळ आहे:

"बाजार समितीत सकाळपासूनच प्रचंड गर्दी होती. हळदीच्या सुगंधाने सारे वातावरण भारून गेले होते."

ही दोन वाक्यं गुळाच्या बाजाराला चालतील, यात्रेला चालतील, लग्नालासुद्धा. सांगलीच्या हळदीच्या सौद्याचं यात काहीच नाही. अभिप्राय देणाऱ्यानं विचारायचं: इथं कोण काय करतंय? लेखक पुढच्या खेपेला हे आणेल:

"व्यापाऱ्यानं ढिगातलं एक हळकुंड उचललं, मोडलं, आतला रंग बघितला आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडं गेला. आण्णांनी ते दोन तुकडे उचलून परत ढिगात टाकले."

गर्दी गेली, सुगंध गेला, आण्णांचा भाव पडला ते मात्र कळलं. प्रश्न नेमका असला की दुरुस्ती लेखकाचीच राहते.

दुसरं, तपशील तपासणारा एक माणूस नेमा. १९७० सालच्या हरिपुरातल्या कथेत हळद गोदामात ठेवू नका. तिथं जमिनीखाली पेवं होती, त्यात साठवत. उलट आजच्या कथेत सगळी हळद पेवात घालू नका, २००५च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली. आयर्विन पुलाजवळचं पाणी "धोक्याच्या पातळीवर" म्हणताना ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोक्याची, यात गल्लत नको. सांगलीच्या वाचकाला हे आकडे पाठ असतात, तो तिथंच पुस्तक मिटतो.

माणदेशी_बोर

बोलीबद्दल पण बोला कुणीतरी. आमच्याकडं सगळ्यात जास्त वाद तिथंच.

वाईकर_मुशो

मुद्रितशोधनाच्या बाजूनं सांगतो. बोली चुकीची लिहिल्यानं बिघडत नाही, अर्धवट लिहिल्यानं बिघडते. एका पानावर आजी "न्हाई" म्हणते, पुढच्या पानावर "नाय", शेवटी "नाही". वाचकाला ती तीन बायका वाटतात. उपाय सोपा आहे: कथेसोबत एक कागद ठेवा. त्यावर लिहा, निवेदक: नाही, होतं, कुठं. आजी: न्हाई, हुतं, कुटं. नातू: नाय, होतं, कुठं. "ण"चा "न" करणार असाल तर त्या पात्राच्या तोंडी सगळीकडं करा: पानी, कोन, म्हनून. एका ठिकाणी "म्हनून" आणि शेजारी "कोण" दिसलं की मुद्रितशोधक त्याला चूक समजून दोन्ही प्रमाण करून टाकतो, आणि मग भांडण.

अक्षरं वाकडी केली म्हणजे बोली झाली असंही नाही. "म्या सांगितलं हुतं की तुला" यातलं शेवटी आलेलं "की तुला" हेच कृष्णाकाठचं आहे. "मी तुला सांगितलं हुतं" असं लिहिलंत तर शब्द गावचा आणि वाक्य पुण्याचं.

निवेदनात "केले-गेले" की "केलं-गेलं" हे लेखकानं पहिल्या पानावर ठरवावं आणि शेवटपर्यंत पाळावं. शुद्धलेखनाला मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम (१९६२ चे १४, १९७२ चे ४) एका कागदावर छापून बैठकीत ठेवा. निम्म्या चुका एकाच नियमातल्या असतात: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. पण शुद्धलेखनाच्या खुणा कागदावर करून द्या, चर्चेत काढू नका. "पहिली वेलांटी" यावर बारा माणसांची दहा मिनिटं घालवायची म्हणजे दोन तास वाया गेले.

सांजवारा

हे फार कामाचं. पलूस_फाटा, एकांकिकावाल्या दादांना दाखवते. आता नोंदणी आणि संग्रह?

कोर्टकचेरी

नोंदणी आत्ता करू नका. बारा माणसांनी एका खोलीत बसून कथा वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. संस्था करायची तर किमान सात सभासद लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दुहेरी नोंदणी, धर्मादाय कार्यालयात. ती एकदा झाली की दरवर्षी हिशोब तपासणी, आणि कार्यकारिणीतला माणूस बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हे न केल्यानं अडकून पडलेली मंडळं गावोगावी आहेत. संस्थेच्या नावानं बँक खातं, देणगी, अनुदान लागेल तेव्हा बघा. तोवर एक वही, दोघांच्या सह्या, दर बैठकीला जमा-खर्च मोठ्यानं वाचायचा.

हक्कांचं जास्त महत्त्वाचं. लिहिल्याबरोबर लेखकाचा हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. कट्ट्याच्या संग्रहासाठी प्रत्येकाकडून एक पानाचं पत्र घ्या: लेखन माझं आहे, या संग्रहाच्या या आवृत्तीपुरती छापायची परवानगी देतो, बाकी सगळे हक्क माझ्याकडं. "सर्व हक्क मंडळाकडे" असं चुकूनही छापू नका. उद्या कुणाचा कथासंग्रह निघायला अडचण येते.

दुसऱ्यांच्या कविता-उतारे घेताना लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजा, पुढच्या १ जानेवारीपासून. आपल्या जिल्ह्यातलीच उदाहरणं: अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत हक्क आहेत. खांडेकर १९७६, म्हणजे २०३६ अखेर. गदिमा १९७७, म्हणजे २०३७ अखेर. कार्यक्रमात छापील पुस्तकातला थोडा भाग वाचून दाखवायला कायद्यात मुभा आहे. संग्रहात अख्खी कविता छापायला नाही.

पलूस_फाटा

यालाच जोडून: दिवाळी अंक आणि स्पर्धा "अप्रकाशित" लेखन मागतात. फेसबुकवर उघड टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित धरतात. कट्ट्याच्या बंद व्हॉट्सॲप गटातली सहसा धरत नाहीत. तेव्हा "लेखन गटाबाहेर पाठवायचं नाही" हा नियम पहिल्याच दिवशी. आणि गट दोन करा, सूचनांच्या गटात फक्त ॲडमिन लिहिणार. नाहीतर बुधवारी आलेली कथा गुरुवारच्या सुप्रभातांखाली गाडली जाते.

फर्मा_सोळा

संग्रहाचं. डेमी आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सोळा पानांचा एक फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं), ६४ पानं म्हणजे चार फर्मे, गणित सुटसुटीत. ६६ पानं करू नका, वरच्या दोन पानांसाठी अख्खा फर्मा वाढतो. शीर्षकपान, श्रेयपान, अनुक्रमणिका, मनोगत यांत सहा पानं जातात. उरली ५८. पानाला २८० शब्द धरले तर १६,२४० शब्द. बारा जणांत वाटले की माणशी साडेतेराशे. प्रत्येक कथेला नवं पान, शीर्षकाची मोकळी जागा, कवितांच्या तुटक ओळी हे धरून माणशी १२०० सांगा. १२०० सांगितलं की लोक थोडं जास्त देतात, हे ओघानं आलंच.

छपाईवाल्याकडं "पुस्तक छापायला किती" असं विचारू नका, तो अंदाजे बोलतो आणि नंतर वाढवतो. कागदावर लिहून न्या: डेमी, ६४ पानं अधिक मुखपृष्ठ, आत ७० जीएसएम (कागदाचं वजन) मॅपलिथो (पुस्तकांचा साधा कागद), एका रंगात, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, चार रंग, मॅट लॅमिनेशन, मधली पिन, २०० प्रती. २०० प्रती डिजिटलवरच परवडतात. ५०० च्या पुढं गेलात तर ऑफसेटचा दर मागा. चिकट बांधणीचा मोह टाळा: ३२ कागदांचा कणा जेमतेम ३ मिमी होतो, त्यावर नाव बसत नाही आणि उघडताना मधली पानं सुटतात. पिनेत आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना जास्त कापली जातात, म्हणून बाहेरचा समास १२ मिमीपेक्षा कमी नको.

मजकूर युनिकोडमध्येच द्या आणि अक्षरजुळणी करणाऱ्याला विचारा, तो युनिकोडमध्येच लावणार का? जुन्या फाँटमध्ये रूपांतर केलं की ठरलेल्या जागी मार बसतो: "तऱ्हा", "ऱ्हास", "सुऱ्या" यांतला ऱ मोडून "तर्हा", "र्हास" होतो, "ॲ" गायब होतो, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. पहिल्या प्रुफात हे शब्द शोधूनच बघा.

प्रुफं तीन. पहिलं लेखकानं, दुसरं दुसऱ्यानंच (लेखकाला आपली चूक दिसत नाही, त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं), तिसऱ्यात फक्त आधीच्या दुरुस्त्या उतरल्यात का तेवढं. तिसऱ्या प्रुफात वाक्य बदललंत तर ओळ वाढते, ओळ वाढली की पान सरकतं आणि अनुक्रमणिका चुकते.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) भारतात फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन. आपापसात वाटायचा असेल तर गरज नाही. विकायचा असेल तर घ्या, आणि प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, हे बहुतेक हौशी मंडळं विसरतात.

वाईकर_मुशो

फर्मा_सोळा यांना एक भर: अनुक्रमणिकेचे पान-आकडे शेवटी, पानं पक्की झाल्यावरच घाला. आणि मुखपृष्ठावरचं नाव मोठ्यानं वाचून बघा. तिथं चूक राहिली तर ती दोनशे वेळा राहते.

हळदगल्ली

कट्ट्याचे कागद, वह्या, उरलेल्या प्रती गावभागात (नदीजवळच्या जुन्या वस्तीत) तळमजल्यावर ठेवू नका. २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा पाणी आलंय. दर बैठकीनंतर कागदांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाका, फाइलचं नाव तारीख आणि लेखनाचं शीर्षक असं. जुलै-ऑगस्टच्या बैठका ऑनलाइन धरा, पाऊस उघडला तर प्रत्यक्ष.

सज्जनगड_पायथा

साताऱ्याकडून एक. वर्षातून एकदा बैठक बाहेर न्या. भिलारला पुस्तकांच्या गावात घराघरात प्रकारवार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचता येतात. शनिवार-रविवार टाळा, पाचगणीचा घाट गाड्यांनी भरलेला असतो. आणि औदुंबरचं साहित्य संमेलन संक्रांतीला असतं, १९३९ पासून. जानेवारीची बैठक त्याला चिकटून ठेवू नका, तिथंच जा की सगळे.

सांजवारा

सगळं उतरवून घेतलं. पहिली बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ५ ते ७. दोन कथा आणि दोन गझला. सूत्रधार एकांकिकावाले दादा, टायमरसह.

पलूस_फाटा

ताई, ५ ते ७ नको, ४ ते ६ करा. सातला सुटून स्टँडवर जाईपर्यंत साडेसात होतात, मग तासगाव-पलूसकडची माणसं पावणेसातलाच पिशवी आवरायला लागतात. आणि तिसरं लेखन नेमकं त्यांचंच असतं.

सांजवारा

बरोबर. ४ ते ६.